पायरी

एक वकील होता. त्याचं बालपण हवाई बेटांवर गेलं. तिथे शेजारीपाजारी तऱ्हेतऱ्हेच्या वंशांची माणसं राहायची आणि त्याचं कुणाला नवल वाटायचं नाही. मोठा झाल्यावर तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर शिकला, वकील झाला आणि 1920च्या दशकात अटलांटा शहरात आला. मेहुण्याबरोबर भागीदारीत त्यानं वकिली सुरू केली. काम मुख्यतः कराच्या खटल्यांचं. कागद, आकडे, व्यापारी अशील. घर नीट चाललं होतं.

पण हे शहर त्याच्या बालपणातल्या बेटांसारखं नव्हतं. गोऱ्यांचा पाण्याचा नळ वेगळा, काळ्यांचा वेगळा. शाळा वेगळ्या, ट्राममधल्या जागा वेगळ्या. वकील हे रोज बघत होता.

तो राज्याच्या नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राखीव सैन्यात, अधिकारीही होता. 1931 साली एके दिवशी त्याला तातडीचा हुकूम आला. एल्बर्टन नावाच्या गावात तुरुंगाला जमावानं वेढा घातला होता. आत एक कृष्णवर्णीय कैदी होता. गोऱ्या स्त्रीवर अत्याचार केल्याचा त्याच्यावर आरोप होता. जमावाला खटल्याची वाट बघायची नव्हती. त्यांना तो माणूस हवा होता.

वकील सैनिक घेऊन तिथे गेला. बाहेर आरडाओरडा चालला होता. सरळ दारातून कैद्याला काढलं असतं, तर तो दहा पावलंही चालू शकला नसता. मग सैनिकांनी एक युक्ती केली. कैद्याच्या अंगावर त्यांनी सैनिकाचा गणवेश चढवला. जमावाच्या नाकासमोरून सैनिक बाहेर पडले आणि त्यांच्यातलाच एक होऊन कैदीही बाहेर पडला. तो माणूस वाचला.

निदान त्या रात्रीपुरता वाचला. थोड्याच दिवसांत त्याला त्याच गावात खटल्यासाठी परत आणलं. बाहेर पुन्हा जमाव, भोवती पुन्हा सैनिक. त्याला वकील दिले होते, पण अशिलाशी धड बोलायला त्यांना वेळ मिळाला नव्हता. एका दिवसात खटला उरकला. ज्युरी आत गेली आणि काही मिनिटांत बाहेर आली. मृत्युदंडाची शिक्षा झाली. नव्यानं सुनावणी मागायची, तर जमाव खवळेल, म्हणून त्याच्या वकिलांनी तसा अर्जही केला नाही.

कराचे खटले चालवणाऱ्या आपल्या वकिलाला हे स्वस्थ बसू देईना. जमावापासून वाचवलेला माणूस आता कोर्टाच्याच हातून मरणार होता. त्यानं आणि मेहुण्यानं हेबियस कॉर्पसचा अर्ज तयार केला. या माणसाला कोणत्या न्यायानं डांबलंय ते दाखवा, असं सरकारला विचारणारा तो अर्ज असतो. खालच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टातल्या न्यायाधीशानं तो फेटाळला. मृत्युदंडाची तारीख जवळ येत होती. दोघे वर अपील कोर्टात गेले.

ही फेडरल अपील कोर्टं अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या एकच पायरी खाली असतात. बहुतेक खटल्यांचा शेवटचा शब्द तिथेच पडतो, कारण त्याच्याही वर पोचणारे खटले फारच थोडे. त्या अपील कोर्टानं वकिलाचं म्हणणं ऐकलं. जमावाच्या धाकाखाली चाललेला खटला हा खटलाच नव्हे, हे मानलं. शिक्षा रद्द झाली, खटला नव्यानं चालला. नव्या ज्युरीनंही त्याला दोषी ठरवलं आणि 1934 साली त्याचा जीव गेला.

त्याच वर्षाच्या अखेरीला दोन तरुण मरीन सैनिकांना खोट्या वीस डॉलरच्या नोटा चालवल्याबद्दल पकडलं. गरीब पोरं, घर दूर, गाठीला पैसा नाही. आरोपपत्र हातात पडलं त्याच दिवशी खटला चालला आणि त्याच दिवशी साडेचार वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या बाजूनं उभा राहायला वकीलच नव्हता. त्यांना अटलांटाच्या तुरुंगात आणलं आणि त्यांतल्या एकाचे कागद आपल्या वकिलाकडे आले. त्यानं फी न घेता काम हातात घेतलं.

या वेळी त्याच अपील कोर्टानं त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं. तो आणखी एक पायरी चढला. 1938 साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की फेडरल कोर्टात वकिलाशिवाय कुणाला शिक्षा सुनावता येणार नाही. आरोपीनं स्वतः समजून उमजून वकील नाकारला असेल, तरच ते चालेल. जॉन्सन विरुद्ध झर्ब्स्ट या नावानं तो निकाल आजही कायद्याचे विद्यार्थी वाचतात.

मग दुसरं महायुद्ध आलं. वकिलानं चाळिशी ओलांडली होती. कुणी बोलावलं नसतं, तरी तो स्वतःहून तोफखान्यात गेला. गुआम, लेते आणि शेवटी ओकिनावाजवळचं एक छोटं बेट, जिथे हातघाईच्या लढाईत हातबाँबनं तो जबर जखमी झाला. बरा होऊन तो घरी परतला आणि पुन्हा कराच्या फायली उघडल्या.

अपील कोर्टाचा न्यायाधीश होण्यासाठी अमेरिकेत परीक्षा नसते, बढतीची रांगही नसते. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मान्यता देते आणि मग नेमणूक आयुष्यभराची होते. म्हणजे त्या खुर्चीकडे जाणारी वाट राजकारणातून जाते आणि याचीही वाट तिथूनच गेली. 1952 साली त्यानं आपल्या राज्यात आयझेनहॉवर यांच्यासाठी काम केलं. ते निवडून आले. वित्त खात्याचा मुख्य कायदा सल्लागार म्हणून तो वॉशिंग्टनला गेला आणि 1954 साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्याच अपील कोर्टाचा न्यायाधीश झाला, ज्याच्या दाराशी तो कधी काळी एका मरणाऱ्या माणसाचा अर्ज घेऊन उभा राहिला होता. त्याचं नाव एल्बर्ट टटल.

टेक्सासपासून फ्लोरिडापर्यंतची दक्षिणेतली सहा राज्यं त्या कोर्टाच्या हद्दीत होती. नेमणुकीच्या थोडंच आधी, मे महिन्यात, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं, की मुलांच्या शाळा वंशावरून वेगळ्या ठेवता येणार नाहीत. पण पुढच्याच वर्षी, हे कधी करायचं ते सांगताना, न्यायालयानं शब्द जरा सैल वापरले. योग्य त्या गतीनं करा, असा त्यांचा अर्थ होत होता. दक्षिणेतल्या पुढाऱ्यांनी त्यातलं ‘योग्य’ तेवढं उचललं आणि ‘गती’ सोडून दिली. अर्ज, स्थगिती, पुढची तारीख, पुन्हा अर्ज. तारखेवर तारीख म्हणजे काय, हे आपल्या वाचकाला समजावून सांगायला नको. शाळेत जाणारं मूल मात्र तारखेसाठी थांबून राहत नाही. ते मोठं होत जातं.

1960 साली टटल त्या कोर्टाचा मुख्य न्यायाधीश झाला. 1961च्या जानेवारीत जॉर्जिया विद्यापीठात दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी प्रवेश घ्यायला निघाले, एक मुलगा आणि एक मुलगी. खालच्या न्यायाधीशानं प्रवेशाचा आदेश दिला होता. मग सरकारला अपील करता यावं म्हणून त्यानंच तो थांबवला. स्थगिती लहानशीच दिसत होती. पण तेवढ्यात सत्र सुरू झालं असतं आणि मुलं बाहेरच राहिली असती. त्यांचे वकील त्याच दिवशी गाडी हाकत अटलांटाला आले. टटलनं त्याच दुपारी दोन्ही बाजू ऐकल्या आणि स्थगिती उठवली. मुलगा पुढे डॉक्टर झाला, मुलगी नामवंत पत्रकार.

दोन वर्षांनी, 1963च्या मे महिन्यात, बर्मिंगहॅम शहरात शाळकरी मुलं वंशभेदाविरुद्ध रस्त्यावर उतरली. त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडले, कुत्री सोडली, शेकडोंना तुरुंगात टाकलं. मग शिक्षण मंडळानं वेगळीच शिक्षा काढली. 1,081 मुलांना शाळेतून काढून टाकलं किंवा निलंबित केलं. शाळेचं वर्ष संपायला काही दिवसच उरले होते. शेवटच्या वर्गातल्या मुलांचं प्रमाणपत्र डोळ्यांसमोरून जाणार होतं.

22 मे रोजी खालच्या कोर्टानं मुलांचं म्हणणं नाकारलं. त्यांची वकीलबाई, कॉन्स्टन्स बेकर मॉट्ली, त्याच दिवशी अटलांटा गाठून टटलपुढे उभी राहिली. अशा अपिलावर तीन न्यायाधीशांचं खंडपीठ बसायचं, हा रिवाज. खंडपीठ जमवायचं, तारीख लावायची, म्हणजे वर्ष निघून गेलं असतं. टटलनं एकट्यानं सुनावणी घेतली आणि त्याच दिवशी आदेश दिला. मुलांना वर्गात परत घ्या.

एकट्या न्यायाधीशानं एवढं करावं का, असं कायद्याच्या जाणकारांनी तेव्हाही विचारलं आणि तो प्रश्न खोटा नाही. रिवाज विनाकारण पडत नाहीत. पण मला त्या संध्याकाळी टटल ज्या जागी बसला होता, तिथे तो माणूस दिसतो, ज्याला त्यानं सैनिकाच्या गणवेशात गर्दीतून बाहेर काढलं होतं. आपल्याकडे म्हणतात, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. ही म्हण पायरी चढून दमलेल्यांनी केली असणार. टटलही ती पायरी दमून चढला होता, एकदा अर्धवट जिंकून, एकदा हरून. वर पोचल्यावर बहुतेकांच्या आठवणीत आपली उंची राहते. त्याच्या लक्षात खाली उभं राहण्यात किती वेळ जातो ते राहिलं होतं, आणि त्या वेळाची किंमत कोण भरतो, तेही.

बर्मिंगहॅमची मुलं दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन शाळेच्या पायऱ्या चढली. शेवटच्या वर्गातल्यांचं वर्ष संपायला अजून काही दिवस होते. ती अभ्यासाला बसली.