मातीचा खुराक

सिंगापूरची हिरवाई पाहणाऱ्याला वाटतं, इथे काठी खोचली तरी पालवी फुटेल. बारमाही पाऊस, बारमाही ऊन. जमिनीला कमी ते काय? पण अंगणवाल्या घरात राहायला आलेला माणूस हौसेने मिरची-वांगी लावायला जातो, आणि पहिल्याच घावाला लालसर-पिवळी चिकणमाती फावड्याला लगडून वर येते. पावसात तिचा राडा होतो. काही दिवस उघडीप मिळाली की ढेकूळ फुटता फुटत नाही.

या देशाचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनाही हीच माती आडवी आली होती. १६ जून १९६३ रोजी फॅरर सर्कस या चौकात मेंपाट नावाच्या झाडाचं रोप लावून त्यांनी वृक्षारोपणाची मोहीम सुरू केली. झाडं वाढू लागली, पण गवत काही धरेना. न्यूझीलंडमधली कुरणं पाहून आलेल्या लींनी कोलंबो योजना या आंतरराष्ट्रीय तांत्रिक मदतीच्या योजनेतून तिथलेच तज्ज्ञ बोलावले. लींना सांगण्यात आलं ते असं : हा विषुववृत्तावरच्या जंगलाचा प्रदेश. जंगल उभं असतं तेव्हा पाऊस पानांवर अडतो आणि ठिबकत खाली येतो. झाडं तुटली की तोच पाऊस थेट जमिनीवर कोसळतो आणि वरची माती, तिच्यातली अन्नद्रव्यं धुऊन नेतो. उपाय साधेच होते. आम्लधर्मी मातीला चुना, आणि खत. तेही एकदा नव्हे, नियमित. त्यात कंपोस्ट अधिक चांगलं, कारण ते सहजी वाहून जात नाही. आधी इस्ताना या अध्यक्षीय निवासस्थानाच्या हिरवळीवर हे करून पाहिलं गेलं, मग शाळांच्या मैदानांवर. मैदानं हिरवी झाली.

विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या माणसाचा इथे अंदाज चुकू शकतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. वर्षातून एकदा ती स्वतःच स्वतःला उलथवते. सिंगापूरच्या मातीला हा उन्हाळाच मिळत नाही. वर्षाला सुमारे २१०० मिलिमीटर पाऊस, तोही जवळजवळ दिवसाआड. मातीला वाफसा येतो न येतो तोच पुढची सर हजर. ओल्या चिकणमातीत फावडं चालवलं, नुसतं पाय देऊन उभं राहिलं, तरी तिच्यातली उरलीसुरली हवा निघून जाते. कोकणातला माणूस मात्र ही लाल, आम्लधर्मी, धुपून गेलेली जमीन लगेच ओळखील.

घाई झालेल्या माणसाला पहिली आठवण होते ती वाळूची. माती घट्ट आहे ना, मग ओता दोन पोती. पण चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण वाळूच्या फटींत जाऊन बसतात आणि थोड्या वाळूने माती मोकळी होण्याऐवजी विटेसारखी आवळते. तिला मोकळं करतं ते कुजलेलं खत. पाला, काथ्याचा भुसा, स्वयंपाकघरातली सालं-देठं कुजून मातीत मिसळली की तिचे बारीक कण एकमेकांना धरून रवाळ होतात. त्यांच्यामधून हवा खेळते, पाणी निचरतं, गांडुळं येतात. वरून पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घातलं की जंगलातल्या पानांचं काम ते करू लागतं. निचरा अगदीच नसेल तर जमिनीशी झगडत न बसता वाफाच वीतभर उंच करावा. नॅशनल पार्क्स बोर्ड भाड्याने देतं ते अडीच मीटर बाय एक मीटरचे वाफेही उंच उचललेलेच आहेत. इमारतींत राहणाऱ्यांची मेथी आणि अळूची हौस त्यांवर भागते.

मात्र एक गोष्ट मनाशी पक्की धरायला हवी. इथल्या उष्ण, दमट हवेत घातलेलं खत झपाट्याने कुजून संपतं. थंड देशात वर्षानुवर्षं टिकणारा पालापाचोळा इथे काही महिन्यांत दिसेनासा होतो. म्हणजे माती एकदा सुधारली आणि आपण सुटलो, असं कधी होत नाही. यात काही जणांना अपयश दिसतं. खरं तर ती मातीची भूक आहे. जिवंत गोष्टींना भूक लागतेच.

आपल्याला मात्र कायमचे इलाज आवडतात. एका रविवारी बसून सगळं घर आवरायचं, एका मोठ्या भेटीत वर्षभराचा दुरावा भरून काढायचा, एका शिबिरात तब्येत सुधारायची. घट्ट झालेली माती, अबोल झालेलं नातं, आळसावलेलं शरीर यांतलं काहीही एका दणक्यात मोकळं होत नाही. त्यांना थोडं थोडं, पण न चुकता द्यावं लागतं. आणि ओल्या मातीत पाय घालायचा नाही, हे पथ्यही पाळावं लागतं.

तेव्हा आज वाळूचं पोतं आणायला जाऊ नका. कालची भाजीची देठं कुजायला घाला, वाफ्यावर मूठभर पाला पसरा, आणि उद्याही तेच करा.