न दिसलेले आंत्रपुच्छ

मुलाचे पोट दुखू लागले की घरात प्रथम ओवा शोधला जातो, मग डॉक्टर, आणि हल्ली तिसऱ्याच पावलाला सोनोग्राफी. आमच्या नात्यातील एका आठ वर्षांच्या मुलाच्या अहवालाखाली ‘विशेष काही आढळले नाही’ असे लिहून आले, तेव्हा सारे घर निश्चिंत होऊन जेवायला बसले. मुलगा मात्र पाय पोटाशी घेऊन कण्हत होता. ‘पुरे आता नाटके,’ असे त्याला कुणीतरी म्हटले. दुसऱ्या रात्री त्याचे आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, फुटले. शस्त्रक्रियेने तो वाचला.

यंत्राने फसविले, असे घरचे म्हणतात. आम्हांस ते तितकेसे पटत नाही. अहवालाच्या वरच्या ओळीत आंत्रपुच्छ ‘दिसले नाही’ असे स्पष्ट नमूद होते. न दिसणे म्हणजे निरोगी असणे नव्हे. प्रोब पोटावर हलकेच दाबून आतडी बाजूला सारण्याची रीत डच तज्ज्ञ पुइलार्ट यांनी 1986 साली मांडली. तरीही आतड्यांतील वायू आड येतो, कधी आंत्रपुच्छ मोठ्या आतड्यामागे दडते, कधी त्याचे केवळ टोकच सुजलेले असते.

उलटी चूकही घडते. 6 मिलिमीटरपेक्षा जाड आंत्रपुच्छ संशयास्पद मानतात, पण ठणठणीत मुलांतही ते याहून जाड सापडते. पोटातील लसिकाग्रंथी तर कित्येक निरोगी मुलांत मोठ्या दिसतात. ‘गाठी सुजल्या आहेत’ असा शिक्का बसला की शोध थांबतो. आणि फुप्फुसाच्या तळाशी झालेला न्यूमोनियाही पोटदुखीच्या रूपाने येतो, हे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

मग दोष कुणाचा? आम्हांला वाटते, चित्र आपल्याला प्रिय होते ते त्यात सत्य असते म्हणून नव्हे, तर ते हाती आले की पुढे जागण्याची जबाबदारी संपली असे वाटते म्हणून. मुलाचे कण्हणे हीही साक्षच. तिच्यावर सही-शिक्का नसतो, एवढेच. सोनोग्राफी टाळावी असे मात्र आम्ही मुळीच म्हणत नाही. सी.टी. स्कॅनमधील क्ष-किरणांपासून ती मुलाला वाचवते, म्हणून आधी तीच करणे योग्य. आणि ‘अजून निदान होत नाही, काही तासांनी पुन्हा तपासू’ असे म्हणणाऱ्या डॉक्टरला आपण अडाणी ठरवू नये. तसे म्हणायला धैर्य लागते.

अहवाल हाती घेताना एवढे तरी विचारावे: आंत्रपुच्छ दिसले आणि ते चांगले होते, की ते दिसलेच नाही?