झाशीचा धनी कोण?

ज्याने चूक केली त्यानेच भोगावे, दुसऱ्याच्या हातून घडलेल्याचा भार मालकावर टाकणे अन्याय आहे, असे हल्ली शिकलेली माणसेही ठासून सांगतात. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागाला आग लागून दहा बाळे गेली. त्यानंतर चर्चा झाली ती कोणाला हटवले आणि कोणाला निलंबित केले याची. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा बाळे गेली, तेव्हाही गुन्हा दाखल झाला तो परिचारिकांवर. दोन्हीकडे सरकारने पाच-पाच लाखांची मदत जाहीर केली. पण मदत सरकारच्या मर्जीवर असते. भरपाई हक्काने मागता येते, आणि त्या आईबापांसाठी मला तोच हक्क हवा आहे.

नोकर कामाच्या ओघात चुकला तर नुकसान मालकाने भरावे, हा इंग्रजी कायद्याचा जुना दंडक आहे. माणूस नेमतो मालक, काम नेमून देतो मालक, त्या कामाचा लाभही त्याचाच. परिचारिकेच्या पगारातून दहा घरांची भरपाई निघणार नाही, हे तर उघडच आहे.

पण याच झाशीत या तत्त्वावरचा सर्वांत कठीण आक्षेप उभा आहे. ८ जून १८५७ ला जोखनबागेत इंग्रज स्त्री-पुरुष आणि मुले कापली गेली. कापणारे बंडात उठलेले शिपाई ईस्ट इंडिया कंपनीचे होते. त्यांना पगार कंपनीने दिला, कवायत कंपनीने शिकवली. राणी लक्ष्मीबाईचे राज्य तर १८५४ मध्येच खालसा झालेले. तिने सागरच्या कमिशनरला पत्रे लिहून आपला या हत्येशी संबंध नसल्याचे कळवले, आणि आधी त्याने तिलाच जिल्ह्याचा कारभार पाहायला सांगितले. पुढे मात्र त्या रक्ताचा जाब तिच्याकडेच मागण्यात आला. ज्यांच्यावर तिची हुकमत नव्हती त्यांचे कृत्य तिच्या माथी मारले गेले. तेव्हा दुसऱ्याच्या कृत्याची जबाबदारी नेहमीच न्याय्य असते, असे मी म्हणणार नाही. हुकमत आणि लाभ ज्याचा, त्याचीच ती असावी. ती जोडणी तुटली की हे तत्त्व सूडाचे हत्यार होते.

राणी जून १८५८ मध्ये पडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीचा कारभार राणी व्हिक्टोरियाच्या सरकारकडे देणारा कायदा झाला, आणि कंपनीवर जसा दावा लावता आला असता तसाच नव्या सरकारवर लावता येईल, असे त्या कायद्यात लिहिले गेले. आपल्या संविधानाचा अनुच्छेद ३०० मागे मागे जात त्याच कलमाशी पोचतो. म्हणजे मेरठ किंवा भंडाऱ्याच्या नागरिकाचा हक्क आजही एका व्यापारी कंपनीच्या मापाने मोजला जातो.

मेरठचे नाव मी मुद्दाम घेतले. १९४७ मध्ये तिथल्या पोलिसांनी अमृतसरच्या एका सराफाचे सोने जप्त केले, आणि ते घेऊन हेड कॉन्स्टेबल पाकिस्तानात पळाला. कस्तुरीलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला मोकळे सोडले, कारण अटक आणि जप्ती हे सार्वभौम सत्तेचे काम. निकाल लिहिला सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. कामगारांच्या बाजूने इतके लिहिणाऱ्या या न्यायाधीशाने इथे हात आखडता घ्यावा, हे मला आजही सलते. ही स्थिती समाधानकारक नाही, विधिमंडळाने कायदा करावा, असे त्यांनी स्वतःच नोंदवले. विधी आयोगाने तर १९५६ मध्येच, आपल्या पहिल्याच अहवालात, तसा कायदा सुचवला होता. विधेयके आली आणि बारगळली. पुढच्या न्यायपीठांनी कस्तुरीलालची धार बोथट केली, पण जो कायदा हवा होता तो झाला नाही.

रुग्णालयाच्या बाबतीत तरी सार्वभौमतेची ढाल उरलेली नाही. १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेत टॉवेल पोटात राहून एक बाळंतीण दगावली. तिच्या नवऱ्याने राज्य सरकारवर दावा लावला. उच्च न्यायालयात तो हरला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले, की रुग्णालय चालवणे हे सार्वभौम काम नाही, आणि डॉक्टरांच्या हलगर्जीपणाला सरकार जबाबदार आहे. यात तेहेतीस वर्षे गेली. झाशीच्या आईबापांनाही हा रस्ता खुला आहे, पण त्यावर त्यांना एकेकट्याने, स्वतःच्या पैशाने आणि निम्म्या आयुष्याच्या मोबदल्यात चालावे लागेल. सरकारी नोकराच्या कामातील चुकीची भरपाई सरकारने ठरावीक मुदतीत द्यावी, आणि ती का देऊ नये हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा, एवढा एक कायदा संसदेने १९५६ पासून अडवून धरला आहे.