राजाने ऐकलेले प्रेम

विवाहपूर्व शिबिरात आम्ही पती-पत्नी काही वर्षे बोलायला जातो. घरखर्च, सासर-माहेर, राग आवरणे, मुलांचे संगोपन, सारे आम्हाला तोंडपाठ आहे. मागच्या खेपेला ठाण्याच्या शिबिरात एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "अंकल, तुम्ही दोघे एकमेकांशी प्रेमाविषयी कधी बोलता का?" सगळे हसले. आम्हीही हसलो आणि पुढच्या विषयाकडे वळलो. कल्याणला परतताना लोकलमध्ये मात्र आम्ही दोघे गप्प होतो. देवळाच्या आवारात प्रेमाचा शब्द काढताना आपली जीभ का अडखळावी? ही देवापुढे बोलण्याची गोष्ट नव्हे, असे आपण कधी ठरवून टाकले?

बंधु-भगिनींनो, याच कल्याणशी जवळचे नाते असलेला एक राजा आम्हाला त्या दिवसापासून आठवतो आहे. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, कल्याण हे मोठे बंदर होते. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचे नाव येते आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे लेख आहेत. इथला माल मुरबाडच्या वाटेने नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जाई. घाटातल्या लेण्यात नागनिका राणीच्या काळचा शिलालेख आजही पाहायला मिळतो. याच घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर 'गाथासप्तशती' आहे. भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची आजीच. सुमारे सातशे गाथा, आणि त्यांतल्या बहुतेक प्रेमाच्या. राजाने त्या एक कोटी गाथांतून निवडल्या असे परंपरा सांगते. (आकडा अर्थात कौतुकाचा!) पुढच्या शतकांत त्यांत भर पडत गेली, असे अभ्यासक मानतात. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली हा ग्रंथ मराठी वाचकांच्या हाती दिला.

ग्रंथ राजाच्या नावाचा, पण बोलतात ती साधी माणसे, आणि त्यांतही बायका अधिक. चुलीपाशी राबताना हाताची काजळी तोंडाला लागलेली गृहिणी आहे आणि तिच्याकडे पाहून हसणारा, तरी तिचे रूप वाखाणणारा नवरा आहे. गावाला गेलेल्या नवऱ्याचा एकेक दिवस भिंतीवर रेघ ओढून मोजणारी बायको आहे. तिची भिंत पहिल्या अर्ध्या दिवसातच भरून जाते. आखातात नोकरीला गेलेल्यांच्या घरी ही भिंत कोणाला समजावून सांगायला नको. चोरट्या भेटी, मत्सर, फसवणूक हेही ग्रंथात भरपूर आहे. शिबिरात वाचून दाखवावे असे सगळेच नाही! तरी राजाने, किंवा त्याच्या नावाने ज्यांनी कोणी हे जमवले त्यांनी, या बायामाणसांचे बोलणे जपून ठेवण्याजोगे मानले.

युरोपातही प्रेमावर लिहिणारा एक राजा होऊन गेला, आंझूचा रने. १४४२ साली नेपल्सचे राज्य त्याच्या हातून गेले, १४५३ साली पत्नी इझाबेल वारली. पुढच्याच वर्षी त्याने दुसरा विवाह केला आणि १४५७ साली प्रेमाने घायाळ झालेल्या हृदयावर एक पुस्तक लिहिले. त्याची चित्रांनी नटवलेली हस्तलिखित प्रत व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पहिल्याच चित्रात रात्रीची वेळ आहे. राजा पलंगावर पडला आहे आणि प्रेमदेव त्याचे हृदय काढून 'इच्छा' नावाच्या तरुणाच्या हाती देतो आहे. ते हृदय मग शिलेदार बनून 'करुणा' नावाच्या स्त्रीच्या शोधात निघते. तिला शत्रूंनी कोंडून ठेवलेले असते. हृदयाला ती लाभत नाही. शेवटी ते जखमी होऊन प्रेमाच्या रुग्णालयात प्रार्थना करीत दिवस काढते. चित्रे फार सुंदर आहेत. पण रने आपल्याच हृदयाची कहाणी सांगतो. करुणेच्या मनात काय होते, हे आम्हाला काही उमगले नाही.

आपल्या पवित्र शास्त्रातही राजाच्या नावावरचे एक प्रेमकाव्य आहे, शलमोनाचे 'गीतरत्न'. तिथे आधी वधू बोलते, आणि वराहून अधिक बोलते. बाराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी त्यावर ८६ प्रवचने लिहिली, तरी ते तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापलीकडे गेले नाहीत! त्यांनी त्यात आत्मा आणि परमेश्वर पाहिला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या आपल्या पहिल्या परिपत्रकात याच गीताचा आधार घेऊन स्त्री-पुरुषांमधले प्रेम आणि निःस्वार्थ प्रेम यांची ताटातूट करता येत नाही, असे सांगितले. म्हणजे जो शब्द आमच्या जिभेवर अडखळतो, तो शास्त्रात पूर्वीपासून आहे.

मग अडते कुठे? आमच्यापुरते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या मुलीने स्वयंपाकघरात येऊन सांगितले की तिचे एका मुलावर प्रेम आहे. आम्ही विचारले, कुठला? कोणत्या समाजाचा? नोकरी पक्की आहे का? घर भाड्याचे की स्वतःचे? आईवडिलांनी हे विचारू नये असे आम्ही म्हणत नाही. पण तिला तो का आवडतो, हे आम्ही विचारलेच नाही. ती थोडा वेळ ओट्याशी उभी राहिली, मग भांडी विसळू लागली. त्यानंतर त्या विषयावर ती आमच्याशी कामापुरतेच बोलली.

शिबिराहून परतल्यावर त्या रात्री आम्ही तिला हाक मारली आणि तोच प्रश्न विचारला. आधी तिला वाटले, आम्ही थट्टा करतो आहोत. मग ती बोलू लागली. शेवटची लोकल गेली तरी तिचे सांगून संपले नव्हते.