जोडलेल्या गावाचा आप्त

सत्यनारायण गोयंका यांनी इगतपुरीत १९७६ मध्ये सुरू केलेल्या धम्मगिरी केंद्रातील विपश्यना-परंपरा प्रज्ञेचे तीन प्रकार मानते: ऐकून मिळालेली श्रुतमयी, विचाराने पटलेली चिंतनमयी आणि स्वानुभवातून आलेली भावनामयी. हा भेद साधनेसाठी केलेला असला, तरी त्याच इगतपुरी तालुक्यातील पाड्यांपर्यंत सार्वजनिक पैशाने इंटरनेट पोहोचले की नाही, या वरवर कारकुनी वाटणाऱ्या प्रश्नालाही तो भिडतो, कारण ‘गाव जोडले गेले’ असे सांगणाऱ्याला ते कोणत्या मार्गाने कळले, यावरच त्या विधानाचे मोल ठरते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केलेल्या आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेत, दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरील आकारणीतून उभ्या राहिलेल्या निधीच्या बळावर, सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचे ठरले. तिची प्रगती मुख्यतः ‘सेवासज्ज’ ग्रामपंचायतींच्या संख्येने मोजली गेली; म्हणजे तार आली आणि यंत्र बसले, यावरून सेवेचे अनुमान केले गेले. न्यायशास्त्रानुसार, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेनुसार, धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते ते जेथे धूर तेथे अग्नी, या अढळ साहचर्यामुळे, म्हणजेच व्याप्तीमुळे. यंत्र आणि चालू इंटरनेट यांच्यात अशी व्याप्ती नाही: वीज गेली किंवा रस्त्याच्या खोदकामात तार तुटली, तरी यंत्र जागेवरच असते. साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, नसतानाही आढळणाऱ्या अशा हेतूला, म्हणजे अनुमानाच्या आधाराला, सव्यभिचार म्हणतात, आणि त्यावर उभा राहिलेला अहवाल, त्यातील प्रत्येक नोंद प्रामाणिक असली तरी, हेत्वाभासच, म्हणजे सदोष अनुमानच, ठरतो. शिवाय एकाच ग्रामपंचायतीत डोंगराआड विखुरलेल्या कित्येक वाड्या असतात, आणि कार्यालयातील यंत्र त्यांच्याविषयी काहीच सिद्ध करत नाही.

मात्र मुंबई-दिल्लीच्या अधिकाऱ्याला प्रत्येक पाड्याचा अनुभव घेणे अशक्य असल्याने राज्यसंस्थेला श्रुतावरच विसंबावे लागते, आणि म्हणून खरा प्रश्न शब्दप्रमाणाचा, म्हणजे कोणाची साक्ष ग्राह्य मानावी याचा आहे. न्यायभाष्यकार वात्स्यायनाच्या मते ज्याला वस्तू साक्षात कळली आहे आणि ती जशी कळली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, असेही तो म्हणतो, आणि या एका वाक्यातील धैर्य फार मोठे आहे. ज्याचे देयक अहवालावर अवलंबून आहे, त्या ठेकेदाराला ज्ञान असले तरी यथार्थ सांगण्याच्या त्याच्या इच्छेवर ताण असतो. उलट शिष्यवृत्तीचा अर्ज भरू पाहणारी पाड्यावरची विद्यार्थिनी दोन्ही कसोट्यांना उतरते.

तिची साक्ष नोंदवण्याची जागा कायद्याला अपरिचित नाही. इगतपुरी तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, आणि तेथे लागू असलेला १९९६ चा पेसा कायदा पंचायतीला योजनांवरील खर्चाचे विनियोग प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यायला लावतो. शिवाय एखादा पाडाही स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा भरवू शकतो. पंचायतीच्या हातून न जाणाऱ्या फायबरच्या पैशालाही हेच तत्त्व लावून, अंतिम देयकाआधी पाड्याच्या ग्रामसभेचा दाखला सक्तीचा करणे न्याय्य ठरेल.