देव्हाऱ्यात नसलेलं वय

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, वाशिमच्या अलीकडे, जऊळका लागतं. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातला हा सगळा पट्टा सोयाबीन-तुरीचा. इथल्या एखाद्या घरात कोण कोणत्या वयाचं आहे हे कळायला जन्मतारखा लागत नाहीत. त्या घरात यंदा कोणत्या देवाचं काय चाललं आहे, एवढं पाहिलं तरी पुरतं. पाचवीला पाटा-वरवंटा पुजला असेल तर तान्हं आहे. भुलाबाई बसली असेल तर नहाण न आलेली किंवा नुकतीच आलेली मुलगी आहे. दाराशी टाळ लटकत असेल आणि आषाढाची बोलणी चालली असतील, तर कुणीतरी संसारातून थोडं बाहेर सरकलं आहे.

पोथीतली मांडणी निराळी. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास हे चार आश्रम आपण शाळेपासून पाठ करतो आणि आयुष्याचे टप्पे म्हटलं की तेच सांगतो. पण ती मांडणी द्विज पुरुषापुरती होती. गावातल्या बहुतेक घरांत मुंज कधी लागलीच नाही, आणि कोणत्याही जातीतल्या बाईला तर त्या चौकटीत स्वतःची जागा नव्हती. तरीही माणसं जन्मत, वाढत, म्हातारी होत राहिली. त्यांनी आपल्या टप्प्यांचे देव स्वतः नेमून घेतले, आणि हे काम बव्हंशी बायकांनी केलं.

सटवाई पहिली. पाचव्या-सहाव्या रात्री ती बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा विझू द्यायचा नाही, बाळंतिणीजवळ कुणीतरी जागं राहायचं. ज्या काळी पहिल्या आठवड्यातच कितीतरी बाळं दगावत, त्या काळी ही जागरणाची रात्र फार शहाणपणाने निवडलेली होती.

मग श्रावणातली जिवती. भिंतीवर चिकटवायचा तो छापील कागद मला आपल्या सगळ्या धार्मिक चित्रांत सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो. वर नरसिंह, त्याखाली कालियाच्या फण्यावर उभा कृष्ण, मग लेकरं अंगाखांद्यावर घेतलेल्या जरा आणि जिवंतिका, आणि शेवटी हत्तीवर व वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. नरसिंह घरातल्या खांबातून आला, प्रल्हादाला त्याच्या घरातल्याच माणसापासून वाचवायला. कृष्ण खेळता खेळता डोहात उतरला. घरातलं भय, मग घराबाहेरचं भय, आणि त्यानंतर बुद्धीची काळजी असा आईच्या चिंतेचा क्रमच त्या कागदावर उतरला आहे. जरा ही तर महाभारतातली राक्षसी. दोन शकलांत जन्मलेल्या जरासंधाला तिने सांधलं, एवढ्या एका कृत्यावर बायकांनी तिला लेकरांची राखणदार केलं. शुक्रवारी आई मुलांना ओवाळते. लेकरं पुण्या-मुंबईला असतील तर चारी दिशांना अक्षता टाकते. मुलगा चाळिशीचा झाला तरी या पूजेत तो लेकरूच असतो, कारण इथे वय मोजलं जातं ते आईचं, आईपणाचं.

भुलाबाई विदर्भ-खानदेशाकडची. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलोजी-भुलाबाई, म्हणजे शंकर-पार्वती, मांडायचे, घरोघर गाणी म्हणायची, झाकलेला खाऊ ओळखायचा. गाण्यांत सासू आहे, रुसवा आहे, माहेरची ओढ आहे. लग्न न झालेल्या पोरी पुढच्या आयुष्याची सगळी भांडणं आधीच गाऊन ठेवतात. मुलांसाठी मारोती आहे. वेशीवरचा, पाराजवळचा, तालमीतला. लग्नाच्या दिवशी नवरदेव आधी त्याच्या पाया पडतो आणि मग वाजतगाजत मांडवाकडे निघतो. ज्या ब्रह्मचाऱ्याच्या सावलीत तो वाढला, त्याचाच निरोप घेऊन संसारात जायचं, हे मला फार समजुतीचं वाटतं.

याच जिल्ह्यातल्या कारंज्याला नृसिंह सरस्वतींचा जन्म झाला, परंपरेने 1378 साली. त्यांचं चरित्र म्हणजे आश्रमांच्या क्रमातून मारलेली मोठी उडी: मुंजीपर्यंत मुके, मुंज लागताच तोंडी वेद, आणि लगेच संन्यासाची भाषा. पण गुरुचरित्रात आई वाट अडवते. तिला आणखी मुलं होईपर्यंत ते घरी थांबतात आणि मगच काशीला निघतात. दत्ताचा अवतार मानलेल्या पुरुषालाही आपला टप्पा ओलांडण्याआधी आईच्या टप्प्याचा हिशेब द्यावा लागला. गुरुचरित्रातला हा प्रसंग मला चमत्कारांहून मोठा वाटतो.

भर संसाराच्या देवता म्हणजे महालक्ष्म्या. पश्चिम महाराष्ट्रात गौरी म्हणतात त्याच. अनुराधा नक्षत्रावर यायच्या, ज्येष्ठेवर जेवायच्या, मुळावर जायच्या. ज्येष्ठा-कनिष्ठा दोघी, समोर त्यांची लेकरं, सोळा भाज्या, पुरण, आंबील. पुढे केस पिकले की विठोबा. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरीला जाताना याच तालुक्यातल्या मेडशी, शिरपूरवरून रिसोडकडे जाते.

हा पट इथवर भरगच्च आहे. अर्धवट तुटलेल्या आयुष्यांचीही त्याने आठवण ठेवली. मुंजीनंतर, लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर त्याला जागा मिळते. नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी पितृपक्षात अविधवा नवमी राखलेली आहे. त्या दिवशी तिच्या नावाने सवाष्ण जेवते. मात्र नवऱ्याच्या मागे जगत राहिलेल्या बाईसाठी काय आहे? तिला तिथी नाही, व्रत नाही, भिंतीवरचा कागद नाही. तंत्रग्रंथांत धूमावती आहे, दहा महाविद्यांतली, सूप हाती घेतलेली विधवा देवी. पण आपल्या घरांनी राक्षसी जरेला भिंतीवर घेतलं आणि धूमावतीला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मेलेल्या सवाष्णीला पान वाढणारं घर जिवंत विधवेला हळदीकुंकवात वगळतं. ज्या वयाला समाजाने देव दिला नाही, ते वय त्याला पाहायचंच नव्हतं, असं माझं स्पष्ट मत आहे. एकटा विठोबा तिच्या वाट्याला आला, कारण वारीत कपाळ कुणी तपासत नाही. पण विठोबा सगळ्यांचाच आहे, आणि तिशीतल्या बाईला सांगायचं की तू आता म्हातारपणाच्या देवाकडे जा, हा अन्याय आहे.

या भागात हे म्हणणं पुस्तकी राहत नाही. 2006 च्या जुलैमध्ये केंद्राने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात वाशिम होता. कर्ज, पाऊस, भाव यांची चर्चा पुष्कळ झाली. मागे राहिलेली बाई सातबाऱ्यावर नाव लावायला तलाठ्याकडे खेपा घालते, पेरणी करते, मुलांची फी भरते. घरधन्याचं सगळं काम ती करते, आणि भाद्रपदात महालक्ष्म्या बसवायची वेळ आली की जावेचा हात शोधला जातो.

महालक्ष्मीची कहाणी यासाठी नीट ऐकावी. गरीब ब्राह्मण आहे, मुलं म्हणतात आपल्याकडे पण गौर आणा, घरात दाणा नाही. बाप जीव द्यायला तळ्याकडे निघतो. वाटेत एक म्हातारी भेटते, त्याची समजूत घालते, त्याच्याबरोबर घरी येते, आणि रिकामं मडकं भरतं. कर्त्या पुरुषाचं दारिद्र्य आणि आत्महत्येची वाट या सणाच्या मुळाशीच ठेवलेली आहे. कहाणीतला बाप परत आला. ज्या घरातला बाप तळ्यावरून परतला नाही, त्या घराची कहाणी आपण अजून रचलेली नाही.

आणि ती रचता येते. ‘जय संतोषी माँ’ हा चित्रपट 1975 मध्ये आला आणि बघता बघता घराघरांत शुक्रवारचे गूळ-फुटाणे सुरू झाले. बायकांनी मनावर घेतलं तर नवं व्रत रुजायला एक पिढीही लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 च्या मे महिन्यात बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाने बांगड्या फुटायच्या थांबतील, पण पूजेचं ताट हाती येणार नाही. ते घरातल्या बायकांनीच द्यावं लागेल. येत्या अनुराधा नक्षत्रावर, जिने या वर्षी त्या घराची पेरणी केली, तिनेच महालक्ष्म्या आत आणाव्यात. सासूने, जावांनी, नणंदांनी तिच्या मागे ताट-चमचा वाजवत चालावं, आणि घरभर फिरवताना ज्या खोलीत गेलेल्या घरधन्याचा फोटो आहे तिथेही न्यावं.