झांकलेलें शस्त्र

गेल्या श्रावणांत एके दिवशीं सायंकाळीं आमच्या कळव्याच्या घरीं एक तरुण पोलीस शिपाई आला. हातांत कागदांची चवड होती, बुटांना चिखल होता, आणि त्याला दोनच गोष्टी विचारावयाच्या होत्या : वरच्या मजल्यावरील गृहस्थांना मी किती वर्षें ओळखतों, आणि त्यांचा स्वभाव कसा आहे. पहिल्याचें उत्तर मीं तत्काळ दिलें. एकोणीस वर्षें. दुसऱ्याच्या उत्तरास वेळ लागला, आणि त्या उत्तराविषयीं माझें मन अजूनही स्वस्थ नाहीं. म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडीत आहें.

हे गृहस्थ ठाण्याच्या बाजारपेठेंत सोन्याचांदीचें लहानसें दुकान चालवितात. रात्रीं दुकान बंद करून, दिवसाचा ऐवज पिशवींत घालून, खाडीवरचा पूल ओलांडून ते स्कूटरनें घरीं येतात. दोन वर्षांपूर्वीं पुलाच्या अलीकडे दोघांनीं त्यांची वाट अडविली. मागून एक टेंपो आला म्हणून ते बचावले. पुढें दोनदां फोनवरून धमकी आली. तेव्हां त्यांनीं पिस्तुलाच्या परवान्यासाठीं पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावयाचें ठरविलें, आणि सेवानिवृत्त कारकुनाची भाषा उपयोगी पडेल म्हणून अर्जासोबतचें निवेदन मजकडून लिहून घेतलें. म्हणजे त्यांच्या भीतीचा मसुदा माझाच.

भीति कागदावर मांडणें हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. संरक्षणासाठीं गुळगुळीत लांब नळीची साधी बंदूक मागणाऱ्या नागरिकाच्या बाबतींत १९५९ च्या शस्त्र अधिनियमानें कांहींसें औदार्य दाखविलें आहे. पिस्तुलासाठीं मात्र सबळ कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. अर्जदार एकवीस वर्षांचा हवा, शस्त्र हाताळण्याचें शिक्षण घेतल्याचा दाखला हवा, शरीर व मन धड असल्याबद्दल वैद्याची सही हवी, आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल हवा. मिळालेला परवाना २०१९ च्या दुरुस्तीपासून पांच वर्षें चालतो. त्यांतलें एक कलम मला विशेष आवडलें. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्याच कारणावरून परवाना नाकारतां येत नाहीं. गरिबाचा जीवही जीवच, हें कायद्यानें येथें मान्य केलें आहे. बाजारभाव मात्र तें मान्य करीत नाहीं. कानपूरच्या सरकारी कारखान्यानें २०१४ सालीं स्त्रियांसाठीं म्हणून ‘निर्भीक’ नांवाचें रिव्हॉल्वर काढलें, त्याचें मोल सव्वा लाखाच्या घरांत होतें.

आपले आजे-पणजे परवान्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहत. १८७८ च्या कायद्यानें हिंदी मनुष्यास परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची बंदी केली आणि युरोपियनांस तींतून मोकळें ठेविलें. बंदीपेक्षांही हा भेद लोकांना अधिक बोचला. म्हणूनच १९३१ च्या कराची ठरावांत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास असावा, असें काँग्रेसनें म्हटलें. पुढें १९४८ च्या डिसेंबरांत ह. वि. कामत यांनीं तोच हक्क राज्यघटनेंत घालावा अशी उपसूचना घटनासमितीपुढें आणली, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला व ती नामंजूर झाली. हा हक्क मूलभूत ठरविला तर चोर-दरवडेखोरही तो सांगूं लागेल, अशा रोखाचें त्यांचें उत्तर होतें. ज्यांच्या अनुयायांवर १९२७ सालीं महाडास लाठ्या पडल्या त्या पुरुषानें असें म्हणावें, याला वजन आहे.

परंतु निवेदन लिहितांना माझें मन अडलें तें हक्कापाशीं नव्हे, एका लहानशा नियमापाशीं. परवानेदारानें चारचौघांत पिस्तूल न्यावयाचें तर तें पूर्ण झांकलेलें असलें पाहिजे. तें परजीत फिरण्यास मनाई आहे. नियम शहाणपणाचा आहे. उघडें पिस्तूल धाक घालतें. पण झांकलेलें पिस्तूल काय करतें?

पूर्वीं ज्याच्या कमरेला तरवार लटकत असे त्याच्याशीं बोलणारा मनुष्य आपले शब्द जपून वापरी. त्याला निदान तेवढी सोय होती. आमच्या कळव्याच्या फलाटावर सकाळीं उभे राहून पाहावें. गाडी ठाण्याकडे जाणारी, आधींच भरलेली. तींत माणूस माणसाला चिकटून शिरतो. पाय तुडविला जातो, कोपर बरगडींत जातें, शिवी निघते, आणि मुलुंड येईतों ती विसरलीही जाते. ही सारी क्षमा, दोघांचेही हात रिकामे आहेत, या एका गृहीतावर चालते. त्यांपैकीं एकानें तें गृहीत मोडलें आणि दुसऱ्यास त्याचा पत्ता नाहीं, तर पिस्तूल कधींच सुटलें नाहीं तरी त्या दुसऱ्याची फसवणूक झाली कीं नाहीं? मला वाटतें, झाली. त्यानें शिवी दिली ती आपल्या बरोबरीच्या मनुष्यास, असें समजून. आणि तो बरोबरीचा नव्हता.

झांकलेल्या शस्त्रांची आपल्या पुराणांत व इतिहासांत वाण नाहीं. अज्ञातवासांत पांडवांनीं शस्त्रें शमीच्या झाडावर लपविलीं खरीं, पण मग विराटाच्या घरीं ते रिकाम्या हातांनींच राहिले. कीचकास भीमानें मारलें तेंही नुसत्या बाहुबळानें. प्रतापगडच्या पायथ्याशीं १६५९ सालीं महाराजांनीं अंगरख्याखालीं चिलखत घातलें व वाघनखें लपविलीं. त्याबद्दल त्यांना दोष देणारा शोधूनही सांपडणार नाहीं, कारण तेथें मोडावयास विश्वास शिल्लकच नव्हता. गाडीच्या डब्यांतला मनुष्य अफझलखान नव्हे.

मग भ्यालेल्या माणसानें करावें काय? विश्वासाच्या नांवानें मरावें? डॉ. मार्टिन लूथर किंग यांच्या माँटगोमेरी येथील घरावर ३० जानेवारी १९५६ रोजीं बाँब टाकला गेला. घरांत पत्नी व तान्ही मुलगी होती. त्यानंतर अहिंसेच्या या भावी आचार्यानें अंगावर झांकलेलें शस्त्र बाळगण्याचा परवाना मागितला, आणि तेथील अधिकाऱ्यांनीं तो नाकारला. सबळ कारण म्हणतात तें याहून निराळें काय असतें? पुढें किंग यांनीं घरांतलीं शस्त्रें आपण होऊन दूर केलीं. तेवढ्यानें अधिकाऱ्यांचा नकार न्याय्य ठरत नाहीं. शस्त्र टाकण्याचें मोठेपण टाकणाऱ्याचें. तें दुसऱ्याकडून सक्तीनें वसूल करतां येत नाहीं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीं पोलीस संरक्षण घेतलें नाहीं, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यास पुलावर ते गोळ्यांना बळी पडले. त्यांच्यापुढें मान लवते. पण सोन्याची पिशवी घेऊन रात्रीं पूल ओलांडणाऱ्या गृहस्थास ‘तुम्हीही तसेच या’ असें सांगण्याचा अधिकार मला कोणी दिला? दुसऱ्याच्या जिवावर उदार होणें सोपें असतें. म्हणून मीं निवेदन लिहून दिलें, आणि तें चांगलें लिहिलें.

अर्जदारास आपली विशेष गरज सिद्ध करावयास लावणारा न्यूयॉर्कचा नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं रद्द केला. तो निर्णय मला धोक्याचा वाटतो. परंतु सरकार प्रश्नच चुकीचा विचारतें, इतपत मीही आतां म्हणूं लागलों आहें. भीति खरी आहे काय, हें विचारण्यांत फारसें हंशील नाहीं. ती बहुधा खरीच असते. विचारावयाचें तें रागाविषयीं. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्रीं, आमच्यापासून कांहीं स्थानकांवर, उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यांत, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या खोलींतच, जमिनीच्या वादांतून गोळ्या झाडल्या गेल्या. आरोपी तेव्हांचे आमदार. शस्त्र परवान्याचें होतें असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. भोंवतीं पोलीस असतांना भीतीला तेथें जागा ती किती असणार?

शिपायानें स्वभावाचें विचारलें तेव्हां मला हें सारें आठवलें असें म्हटलें तर तें ढोंग होईल. आठवली ती एक सळई. पांच वर्षांपूर्वीं गाडी लावण्याच्या जागेवरून तळमजल्यावरील एका मुलाशीं यांची बाचाबाची झाली, आणि हे वर जाऊन दुकानाचें शटर ओढावयाची सळई घेऊन आले. जिन्यांत मीं त्यांना धरलें. माझ्या मुठींत त्यांचें मनगट थरथरत होतें. दुसरे दिवशीं सकाळीं ते त्या मुलाच्या घरीं गेले व सर्वांदेखत क्षमा मागून आले. असा मनुष्य. वर्षांतले तीनशें चौसष्ट दिवस माझा जीव मी त्यांच्या हवालीं करीन.

“मनुष्य फार सज्जन आहे,” मी म्हणालों. शिपायानें लिहून घेतलें. “मात्र राग पटकन् येतो.”

त्याचें पेन थांबलें. “काका, हें दुसरें लिहूं का?” त्यानें विचारलें. बिचाऱ्यानें मला पळवाट काढून दिली होती. नको म्हटलें असतें तर कोणाचें कांहीं बिघडलें नसतें. निदान त्या दिवशीं नसतें. “लिहा,” मी म्हणालों.

त्याच रात्रीं वर जाऊन मीं तें त्यांना सांगितलें. ज्याला झांकलेलें पिस्तूल खुपतें त्यानें झांकलेली साक्ष बाळगणें बरें नव्हे, असें माझें मलाच वाटलें. उद्यां पुलावर कांहीं झालें तर त्यांत माझ्या एका वाक्याचा वांटा असेल, हें मला कळत होतें, आणि त्यांनाही. ते बराच वेळ बोलले नाहींत. त्यांच्या पत्नींनीं चहा आणून ठेवला, आणि माझ्याकडे न पाहतां त्या हळूच म्हणाल्या, “बरें झालें, काका.” तें त्यांनींही ऐकलें.

अर्जाचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. रविवारीं ते बुद्धिबळास येत असत, ते आतां येत नाहींत. रात्रीं साडेदहाच्या सुमारास फाटकाशीं स्कूटरचा आवाज येईपर्यंत मी दिवा मालवीत नाहीं. परवां अकरा वाजून गेले, सव्वाअकरा झाले. आवाज आला तेव्हां मी खिडकीशीं गेलों. त्यांनीं एकदां वर पाहिलें, पिशवी सांवरली, आणि ते जिना चढूं लागले.